हाताने बंद केले

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ चार वाजून दहा मिनिटं दाखवत होतं. पुढे माझं लग्न झालं, मुलगी झाली, बाळंतपणाची रजा संपवून मी परत आले, तरी ते तीच वेळ दाखवत होतं. घड्याळ बिघडलेलं नव्हतं. सेल घातला की चालायचं. पण एकदा ते आपोआप बंद पडलं होतं आणि त्या वेळी त्यातला सेल चांगला निघाला होता. आमच्याकडे दुरुस्तीचं काम बघणाऱ्या अण्णांना तेवढं पुरे होतं. घड्याळ का थांबलं ते कळल्याशिवाय ते चालू करायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. मालकांनी दोनदा नवा सेल आणून घातला आणि अण्णांनी दोन्ही वेळा तो काढून, काटे पुन्हा चार-दहावर आणून गुपचूप मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवला. शेवटी मालकांनी आपल्या केबिनमध्ये दुसरं घड्याळ लावलं आणि आम्ही बाकीचे मोबाइलवर वेळ बघायला शिकलो.

सोलापूरच्या एमआयडीसीत आमची पंधरावीस माणसांची कंपनी आहे. दुधाच्या टाक्या, पाण्याचे पंप, टॉवेलचे माग यांच्यावर बसवायच्या पेट्या आम्ही बनवतो. पेटी जेवणाच्या डब्याएवढी. आत एक छोटा संगणकच असतो, लिनक्सवर चालणारा, फक्त त्याला पडदा नसतो, कीबोर्ड नसतो आणि त्याच्याकडे कुणी बघतही नसतं. एकदा बसवला की त्याने वर्षानुवर्षं डोळा न लावता काम करावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते. ही पेटी मेली तर आम्हाला सोपं जातं, कारण मेलेली पेटी उघडता येते. अवघड जाते ती मध्येच स्वतःहून बंद होऊन पुन्हा चालू होणारी. आम्ही म्हणतो, पेटी रिस्टार्ट मारते. तुम्ही बघायला पोचेपर्यंत ती शहाण्यासारखी चालत असते आणि मघाशी काय झालं याचा तिला पत्ता नसतो. अशा पेट्या अण्णांच्या वाट्याला यायच्या.

अण्णा हे तोंडावर. पाठीमागे सगळे त्यांना जॉबर म्हणायचे. गिरणीत मागांची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला जॉबर म्हणत आणि अण्णांचे वडील तसे जॉबर होते. गिरणी बंद पडली, वडील गेले, पण शब्द मुलाला चिकटून राहिला. अण्णा शहराच्या पूर्व भागात राहायचे, घरी तेलुगू बोलायचे, आमच्याशी सोलापुरी मराठी आणि पेट्यांशी काहीच नाही. पेटी आली की ते आधी तिच्या झाकणावर तळहात ठेवून थोडा वेळ उभे राहत. मग खिशातला खडू काढून ती किती वाजता चालू झाली ते झाकणावर लिहीत. पेटी कशी आहे असं ते कधी विचारत नसत. ते विचारत, "कधी उठलीय ही?"

जेवायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही, बारा महिने तेच. भाकरी मोडल्याचा आवाज आला की पलीकडच्या खोलीतली माणसं डबे उघडायची, कारण घड्याळ तर बंदच होतं. जेवताना कामाचं बोललेलं त्यांना चालत नसे आणि काम करताना जेवणाचं. चहा मात्र कुठल्याही वेळी चालायचा.

माझ्या पहिल्याच आठवड्यात टेबलावरची एक पेटी अडकली. दिवा लागलेला, पण ढिम्म हलेना. मी तिची पिन काढली, परत लावली, पेटी चालू झाली. मी मोठ्या उत्साहाने अण्णांना सांगितलं की झालं, चालू केली मी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी फोडलंय की काय असं वाटून मी टेबलाखाली वाकून बघितलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "साक्षीदार समोर उभा होता, पोरी. त्याला तू घरी पाठवून दिलंस."

तेव्हा मला तो म्हाताऱ्या माणसाचा हेका वाटला होता. पुढे कळलं की त्या पेटीच्या पोटात जे काही घडलं होतं ते सगळं चालत्या आठवणीत होतं. पिन काढली तशी ती आठवण पुसली गेली. एखादी पेटी अडकली तर तिला आपोआप ढकलून उठवणारी एक सोय आत असते, वॉचडॉग म्हणतात तिला. गिऱ्हाइकाला ती फार आवडते, कारण त्याला काही कळायच्या आत पेटी पुन्हा चालू झालेली असते. अण्णांना ती मनापासून नापसंत होती. ते म्हणायचे, "आपोआप उठलेल्या मशीनवर विश्वास ठेवू नको. काय झालं ते सांगत नसतंय ते. सगळं ठीक हाय म्हणतंय नुसतं."

त्यांची एक लांबट वही होती, लाल कापडी बांधणीची. तिच्यात तीन रकाने: काय झालं, कधी झालं, कशामुळे झालं. तिसऱ्या रकान्यात हवेतलं काही लिहिलेलं त्यांना खपत नसे. सिद्ध झालेलं कारण लिहायचं, नाहीतर लिहायचं 'ठाऊक नाही'. 'बहुतेक', 'असावं', 'गिऱ्हाइकाची चूक' हे शब्द त्या वहीत चालत नसत. वहीची पानंच्या पानं 'ठाऊक नाही'ने भरलेली होती, आणि त्यांतल्या काहींवर वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या शाईने काट मारून खरं कारण लिहिलेलं असे. मालक कपाळाला हात लावायचे. 'ठाऊक नाही' असं गिऱ्हाइकाला सांगून कोण पेटी विकत घेईल, असं ते म्हणायचे, आणि मला मनातून त्यांचं पटायचं.

मी मूळची केम गावची. वर्गात कायम पहिली आलेली. लहानपणी 'माहीत नाही' असं उत्तर दिलं की आई म्हणायची, मग शाळेत जातीस कशाला? पुण्याला शिकून आले, सोलापुरात नोकरी धरली, पण ती सवय काही सुटली नव्हती. विचारलं की उत्तर द्यायचं. रकाना मोकळा सोडायचा नाही. हे सगळं सांगायचं कारण पुढे येतं.

दुधाच्या टाकीवरच्या पेटीचं सॉफ्टवेअर लिहायचं काम माझ्याकडे आलं. गावोगावच्या संकलन केंद्रात मोठी स्टीलची टाकी असते, सकाळ-संध्याकाळ दूध येतं, ते टाकीत थंड होतं आणि टँकर येऊन घेऊन जातो. टाकी थंड करणारं मशीन, दूध ढवळणारा पंखा आणि तापमान यांच्यावर आमची पेटी लक्ष ठेवते, मशीन चालू-बंद करते आणि सगळ्याची नोंद मोबाइलच्या नेटवर्कवरून दूध संघाला पाठवते. बंद होऊन चालू झाली तर तीही नोंद पाठवते, कारणासकट. मालकांना माझं काम आवडलं. मलाही आवडलं होतं. नोंदी नेटक्या, मराठीत, कुणालाही वाचता याव्यात अशा. अण्णांनी एकदाच विचारलं होतं, कारण कसं कळतं हिला? मी म्हटलं, प्रोसेसरमध्ये खूण राहते, ती वाचते. त्यांनी मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, हे आज आठवलं की मला बरं वाटत नाही.

माळशिरस तालुक्यातल्या एका गावातून तक्रार आली. टाकीभर दूध नासलं होतं. पेटी मध्येच बंद झाली की थंड करणारं मशीन थांबतं आणि ते मशीन जळू नये म्हणून पेटी चालू झाल्यावरही काही वेळ त्याला सुरू होऊ देत नाही. त्या दिवशी पेटी एकापाठोपाठ एक इतक्या वेळा बंद-चालू झाली की मशीन चाललंच नाही. संघाने चार महिन्यांच्या नोंदी काढून बघितल्या. जवळजवळ रोज एक तरी नोंद होती आणि प्रत्येक नोंदीपुढे कारण होतं: हाताने बंद केले.

केंद्रावर एकच बाई कामाला होती, शालनताई. मोबाइल चार्जिंगला लावायला ती पेटीचं बटण बंद करते, असं संघाच्या माणसांनी ठरवलं. ती नाही म्हणाली. पण पेटी हो म्हणत होती, आणि पेटीला काय पडलीय खोटं बोलायची? महिनाअखेरीस तिला काढायचं ठरलं. आमच्याकडे तक्रार आली ती पेटी बदलून द्या म्हणून नव्हे, तर बटणावर झाकण बसवून द्या म्हणून.

मालक म्हणाले, देऊन टाकू झाकण. मी म्हटलं, नोंदी अगदी स्पष्ट आहेत. अण्णांनी वही उघडली, पहिले दोन रकाने भरले आणि तिसऱ्यात 'ठाऊक नाही' लिहून पिशवी उचलली. मला म्हणाले, चल.

एसटीने माळशिरस, तिथून दुधाच्या रिकाम्या टेम्पोत बसून आम्ही गावाबाहेरच्या केंद्रावर पोचलो. चारी बाजूंनी ऊस, मध्ये पत्र्याची दोन दालनं. एकात टाकी, दुसऱ्यात शालनताई राहायची. पंचेचाळिशीची, सडपातळ बाई. घरच्यांची मेंढरं. दिवाळी झाली की नवरा आणि दीर मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागे लांब निघायचे आणि उन्हाळ्याच्या शेवटी परत यायचे. तिनेही लग्नानंतर वीस वर्षं तसेच पाय झिजवले होते. ही नोकरी मिळाली तेव्हा पहिल्यांदा तिचं बिऱ्हाड एका जागी थांबलं आणि मुलगी माळशिरसला अकरावीत बसली. नोकरी गेली की दोघी परत मेंढरांमागे. हे तिने सांगितलं नाही, केंद्राच्या सचिवांनी सांगितलं, तिच्या समोरच, ती नसल्यासारखं.

अण्णांनी पेटीवर हात ठेवला. मग बटण शोधायला लागले तर बटणाभोवती पत्र्याची डबी आणि डबीला कुलूप. त्यांनी विचारलं, हे कुणी लावलं? शालनताई म्हणाली, "मीच लावलंय. दोन म्हयनं झालं. किल्ली सायबाकडं हाय."

सचिवांनी खिशातून किल्ली काढून दाखवली. मग, त्यांनी पुढे सांगितलं, तिने दुसरी किल्ली करून घेतली असणार, कारण कुलूप लावल्यावरही नोंदी थांबल्या नाहीत. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि मला पहिल्यांदा माझ्याच नोंदींची शंका आली.

टाकीच्या मागच्या भिंतीवर खडूच्या रेघा होत्या. पेटी चालू होताना टुक असा आवाज करते. तो आवाज आला की शालनताई हातातलं काम टाकून भिंतीवर रेघ मारायची आणि शेजारी मोबाइलवर बघून वेळ लिहायची. कशाला, असं सचिवांनी कधी विचारलं नव्हतं. अण्णा त्या भिंतीपुढे खाली बसले. भाकरी खायची वेळ टळून गेली तरी उठले नाहीत. काही दिवस रेघा सकाळी साडेआठच्या आसपास, काही दिवस दुपारी, मग पुन्हा सकाळी. हे सगळं आमच्या नोंदीतही होतं, वेळेसकट. मी सोलापुरात बसून ते वाचलं होतं, पण मी फक्त तिसरा रकाना वाचला होता.

शेवटी त्यांनी बसल्या बसल्याच शालनताईला विचारलं, "शेतीची लाईट कधी येती हितं?"

"ह्या हप्त्यात सकाळी साडेआठला. फुडल्या हप्त्यात दुपारी दोन..." ती बोलता बोलता थांबली. भिंतीकडे बघायला लागली.

शेतीची वीज पाळीने येते हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. वीज आली की चालू करायला विहिरीवर जायला नको म्हणून प्रत्येकाने मोटारीला ऑटो बसवलेला असतो. त्यामुळे वीज आल्या क्षणी शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. केंद्र लायनीच्या अगदी शेवटाला. सगळ्या मोटारींनी एकदम ओढ घेतली की केंद्रातली वीज डोळा लवेपर्यंत पडते, आणि लाईट सारखी ये-जा करत राहिली तर दर वेळी पडते. एवढा वेळ पेटीला सांभाळून नेणारा एक लहानसा कपॅसिटर आत असतो, तो उन्हाळ्यात पत्र्याखाली वाळून निकामी झाला असावा. 'असावा' हा शब्द मी आत्ता वापरतेय. अण्णांनी तेव्हा वापरला नाही. ते म्हणाले, उद्या सकाळी बघू.

दुसऱ्या दिवशी आठला त्यांनी सगळ्यांना टाकीपाशी बसवलं. सचिव, शालनताई, दूध घालायला आलेली दोन माणसं आणि मी. माझा लॅपटॉप पेटीला जोडून एका उपड्या कॅनवर ठेवला, पडदा सगळ्यांना दिसेल असा. मग ते म्हणाले, "सगळ्यांनी हात मांडीवर ठेवायचे. मी बी ठेवतो."

सचिव हसले, पण त्यांनीही ठेवले. आम्ही तसे बसून राहिलो. बाहेर उसात पाखरं ओरडत होती. साडेआठला दोनतीन मिनिटं कमी असताना लांबून मोटारींची घरघर उठली, वरचा बल्ब पिवळा पडला आणि पेटी म्हणाली, टुक. कुणी हललं नव्हतं. दीड-दोन मिनिटांनी लॅपटॉपवर नवी ओळ आली.

"वाच," अण्णा मला म्हणाले.

मी वाचली.

"मोठ्यानं."

"आठ वाजून अठ्ठावीस मिनिटं. हाताने बंद केले."

अण्णांनी एकेकाच्या मांडीकडे बघितलं. स्वतःच्याही. मग अगदी हळू विचारलं, "कुणाच्या हातानं?"

मला उत्तर माहीत होतं. ते वाक्य मी लिहिलं होतं. सॉफ्टवेअर करताना प्रश्न आला होता की पेटीला कारण सापडलंच नाही तर काय लिहायचं. माझ्या टेबलावर वीज कधी जायची नाही, इन्व्हर्टर होता. तिथे पेटी बंद व्हायची ती मी पिन ओढली तरच. म्हणून मी लिहून टाकलं, हाताने बंद केले. मोकळं सोडायला बरं वाटेना. पुढे ऑफिसात गेल्यावर हेही कळलं की ज्या खुणेवर मी विसंबले होते ती खूण, पेटी उठताना, सुरुवातीचा प्रोग्रॅमच वाचून पुसून टाकत होता. माझ्यापर्यंत ती कधी पोचतच नव्हती. म्हणजे पेटी कशानेही बंद पडो, वीज जाओ, अडकून पडो, वॉचडॉग तिला उठवो, ती दर वेळी एकच गोष्ट लिहीत होती, आणि त्या गावात हात एकाच बाईचे होते.

हे सगळं सांगायचं सोडून मी तिथे म्हणाले, सॉफ्टवेअरमध्ये थोडा प्रॉब्लेम दिसतोय. असंच म्हणाले. जणू काही सॉफ्टवेअर उसासारखं आपोआप उगवतं.

सचिवांनी मान डोलावली. म्हणाले, आजच्यापुरतं मान्य, लायटीने झालं. पण मागच्या सगळ्या नोंदींचं काय? त्यातल्या काही बाईंनी केल्याच असतील.

मी अण्णांकडे बघितलं. ते बोलतील असं मला वाटत होतं. त्यांच्या एका वाक्याने माझी सुटका झाली असती आणि ते वाक्य त्यांना येत होतं. पण ते मांडीवर हात ठेवून समोर बघत बसले. मला त्या क्षणी त्यांचा राग आला होता, हे कबूल करते. शालनताई माझ्याकडे बघत नव्हती, तिची नजर खडूच्या रेघांवर होती.

मी म्हणाले, "नाही. एकाही नोंदीत त्यांचा हात नाही. पेटीला कारण कळलं नाही की ती हे वाक्य लिहिते. ते वाक्य मी घातलंय तिच्यात. सगळ्या वेळचं."

शालनताईने विचारलं, "तुमी घातलं?"

"हो."

"मला वळखत बी नव्हता की तुमी."

मी चुकलं म्हणाले. ती चिडली असती, चार शब्द बोलली असती तर मला सोसायला सोपं गेलं असतं. तिने पदराने तोंड पुसलं आणि कुलपाकडे बोट केलं.

"मला वाटाय लागलं व्हतं, मीच करत आसंल. झोपंत म्हना, इसरून म्हना. मिशिन कशाला खोटं बोलंल? म्हनून किल्ली सायबाला दिली. माझ्यापासनं पेटी वाचावी म्हनून."

एवढा वेळ आम्ही सगळे धरून चाललो होतो की तिने कुलूप लावलं ते स्वतःला खरं ठरवायला. चार महिने एक वाक्य रोज ऐकून ती बाई स्वतःच्याच हातांना घाबरायला लागली होती. माझं शिक्षण, माझा पहिला नंबर, माझ्या नेटक्या नोंदी हे सगळं त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मला मान वर करता येईना.

अण्णांनी सचिवांकडे कोरा कागद मागितला. मजकूर सांगितला नाही, नुसता कागद माझ्यापुढे ठेवला. मी सगळं लिहिलं आणि खाली सही केली. सचिवांनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी खिशातली किल्ली काढून शालनताईपुढे धरली. तिने लगेच घेतली नाही. अण्णा म्हणाले, "घ्या ताई, तुमचीच हाय." तेव्हा घेतली.

परतीच्या एसटीत मी अण्णांना म्हटलं, तुम्ही बोलायला हवं होतं, मला किती अवघड गेलं. ते म्हणाले, मी बोललो असतो तर तिला ते खरं वाटलं नसतं. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी वडिलांचं सांगितलं. त्यांनी घरचं सांगितलेलं मी तेवढं एकदाच ऐकलं. गिरणीत मागावर धागा तुटायला लागला की साहेब आधी विणकराकडे बोट दाखवायचा. माग बिघडलाय की माणूस चुकलाय ते जॉबरने सांगायचं असे. वडिलांना कारण सापडलं नाही तर ते सरळ साहेबाला सांगत, तेल्वदु. त्यांच्या तेलुगूत ठाऊक नाही. साहेब चिडायचा, पण तेवढा दिवस विणकराची पाळी जायची नाही. एकदाच, घरात आजारपण होतं, साहेब डोक्यावर उभा होता, आणि वडील घाईत म्हणून गेले की माणसाची चूक असेल. त्या विणकराला काढलं. महिन्याने मागाचा झिजलेला दाता सापडला. विणकर गाव सोडून गेला होता.

मी विचारलं, मग वडील काय म्हणाले? अण्णा म्हणाले, काय म्हणणार, त्यानंतर ते बोलायचे कमी झाले.

मालक अर्थातच संतापले. आधी त्यांना फोन करायचा होता, कागदावर सही कशाला दिली, कंपनीचं नाव खराब झालं, असं सगळं. पण संघाने उलट आणखी पेट्या घेतल्या, तेव्हा ते शांत झाले. पेटीत मोठा कपॅसिटर आला. खूण पुसली जायच्या आधी वाचायची सोय मी केली. आणि ते वाक्य काढून त्या जागी मी दोन शब्द घातले. आजही आमच्या पेट्या कधीकधी लिहितात, कारण: ठाऊक नाही. अधूनमधून एखादं गिऱ्हाईक तक्रार करतं की हे काय असलं उत्तर. मालक माझ्याकडे बघतात. मी बदलत नाही.

शालनताईची नोकरी राहिली. दर चारसहा महिन्यांनी तिचा अण्णांना फोन यायचा. कधी पेटी बरी हाय का विचारायला अण्णाच करायचे, पण बोलणं मुलीच्या परीक्षेचं व्हायचं. ती बारावी झाली, पुढे नर्सिंगला गेली. भिंत रंगवायला घेतली तेव्हा रेघांचा तेवढा तुकडा तिने रंगवू दिला नाही, असं अण्णांनी मला सांगितलं होतं. सांगताना त्यांना आनंद झाला होता आणि तो लपवायला ते खिशात खडू शोधत होते.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी अण्णा टेबलावर डोकं टेकून बसलेले सापडले. समोर पेटी चालू होती, झाकणावर खडूने वेळ लिहिलेली होती. आम्हाला वाटलं डुलकी लागली. आदल्या दिवशी त्यांनी भाकरी नेहमीसारखी खाल्ली होती, चहा तीनदा घेतला होता, कुठे दुखतंय असं म्हणाले नव्हते. दवाखान्यात नेईपर्यंत काही राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर एक कारण लिहिलं, असं काहीतरी लिहावंच लागतं. मी तो कागद वाचला आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे की अण्णांनी विचारलं असतं, कशावरून?

घड्याळ अजून चार वाजून दहा मिनिटांवरच आहे. मालकांनी पुन्हा सेल आणला नाही. लाल वही माझ्या खणात असते.

दहाव्याला मी त्यांच्या घरी गेले होते. पूर्व भागातली अरुंद गल्ली, दारापुढे मंडप, शेजारच्या घरातून मागाचा खडखडाट चालू. घरात बायका बसलेल्या. प्रत्येकीकडे काहीतरी उत्तर होतं. कुणी म्हणत होती उन्हामुळे, कुणी म्हणत होती डोक्याला ताप करून घ्यायचे, एकीने तर शेंगाचटणीवर खापर फोडलं. तेवढ्यात दारात शालनताई उभी दिसली. पहाटे निघून एसटी बदलत आली होती, हातात पिशवी. कुणी ओळखेना, तेव्हा मी उठून तिला आत घेतलं आणि माझ्याशेजारी बसवलं. अण्णांच्या फोटोकडे तिने बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "कशानं गेलं वो अण्णा?"

डॉक्टरांचा कागद मला पाठ होता. बायकांची उत्तरंही कानात होती. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, शिकलेली म्हणून.

मी म्हणाले, "ठाऊक नाही, ताई."

तिने माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तसाच धरून ठेवला. म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या तसंच."